अंधार कोणता, ते आधी सांगा

जर्मनीच्या शिकार कायद्यात रात्रीची व्याख्या घड्याळाने बांधून दिलेली आहे. सूर्य मावळून दीड तास झाला की रात्र सुरू आणि सूर्योदयाला दीड तास उरला की रात्र संपली. या रात्रीत हरणांसारख्या खुरवाल्या जनावरांवर गोळी चालवायला बंदी, अपवाद फक्त रानडुकराचा. म्हणजे सूर्यास्तानंतरचा दीड तास शिकाऱ्याला मोकळा, आणि डुकरासाठी बसणाऱ्याला चांदणी रात्रही मोकळी. या एका कलमाच्या सावलीत रायफलीवरच्या दुर्बिणीची एक जातच वाढली. मध्य युरोपातला शिकारी शेताच्या कडेला उंच लाकडी मचाणावर बसतो तेव्हा त्याच्या रायफलीवर पिढ्यानपिढ्या ८×५६ ची बोजड दुर्बीण दिसत आली आहे. तिच्यातून वस्तू आठपट मोठी दिसते आणि पुढचं भिंग ५६ मिलिमीटर रुंद असतं. भर दुपारी हे वजन कोणी हौसेने वागवणार नाही.

अमेरिकेत अनेक राज्यांत शिकारीची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. तिथली घरोघरची दुर्बीण ३-९×४०, म्हणजे तीनपासून नऊपटीपर्यंत फिरवता येणारी, सडपातळ आणि हलकी. जर्मन माणूस तिला दुपारचं खेळणं म्हणेल, अमेरिकन माणूस ८×५६ ला तोफ म्हणेल, आणि आपापल्या जागी दोघांचंही बरोबर आहे. प्रत्येकाला वेगळ्या अंधारात बघायचं आहे, एवढाच त्यांच्यातला फरक.

कमी उजेडासाठी नेमाचं साधन निवडताना हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही. किंमत विचारतात, कंपनी विचारतात, किती पट मोठं दिसतं ते विचारतात. पण अंधार म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे. भर उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स उजेड पडतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला, म्हणजे ज्याला नागरी संधिप्रकाश म्हणतात तो संपला, की ३-४ लक्स उरतात. स्वच्छ आकाशातलं पौर्णिमेचं चांदणं फार तर पाव लक्सच्या आसपास, आणि चंद्र नसलेल्या रात्री नुसत्या ताऱ्यांचा उजेड लक्सच्या हजाराव्या भागाच्या घरात. सांज आणि चांदणं यांत दहापटीहून जास्त अंतर, चांदणं आणि तारे यांत शेकडो पटींचं. पहिल्या अंधाराला उत्तम असलेलं साधन तिसऱ्या अंधारात निव्वळ लोखंड ठरतं.

त्यात अक्षांशाचीही भर पडते. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो. मुंबईच्या अक्षांशावर त्याला ते ६ अंश उतरायला २२ ते २५ मिनिटं पुरतात. बर्लिनला जूनमध्ये त्याच उताराला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो, कारण तिथे तो तिरका सरकत जातो. मध्यरात्रीसुद्धा तो क्षितिजाखाली १४ अंशांवरच असतो, आणि खगोलशास्त्राच्या हिशेबात पूर्ण काळोखाला १८ अंश लागतात. म्हणजे जूनमधल्या बर्लिनला खरा काळोख पडतच नाही. 'संधिप्रकाशासाठी खास' असं छापलेल्या दुर्बिणींची परंपरा अशा लांबलचक सांजेच्या देशातली आहे. चंद्रपूरच्या जंगलात चंद्र नसेल तर सूर्यास्तानंतर दीड तासाने ताऱ्यांखेरीज काही नसतं, आणि तिथे ८×५६ बिचारी काय करणार!

आता डोळ्याकडे यायला हवं, कारण दुर्बीण शेवटी त्यालाच प्रकाश देते. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे ६० लाख शंकूपेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. १२ कोटींच्या आसपास दंडपेशी असतात. त्यांना रंग कळत नाही, मात्र अगदी थोडक्या उजेडावर त्या काम करतात. गंमत अशी, की ज्या जागेने आपण एखाद्या गोष्टीकडे रोखून बघतो, त्या दृष्टिपटलाच्या मधोमधच्या बिंदूत दंडपेशी नाहीतच. त्यामुळे काळोखात ज्याच्याकडे थेट बघावं तेच नाहीसं होतं. अंधुक तारा किंचित बाजूला नजर ठेवली की दिसतो, हे आकाश बघणाऱ्यांना ठाऊक असतं. नेम धरणाऱ्याची मात्र इथे पंचाईत होते, कारण नेम म्हणजेच रोखून बघणं. सांजेला शंकूपेशी थोड्याफार जाग्या असतात म्हणून जमतं. खऱ्या रात्री निसर्गच म्हणतो, बाजूने बघ.

दंडपेशींना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास किंवा थोडा जास्तच लागतो. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य उजेडात विघटित होतं आणि काळोखात सावकाश पुन्हा तयार होतं. ते तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागतं, म्हणूनच त्याच्या अभावाने रातांधळेपणा येतो. मोबाइलच्या पडद्याकडे एक नजर टाकली तरी अर्ध्या तासाची कमाई पाण्यात जाते. लाल उजेड मात्र दंडपेशींना फारसा दिसत नाही, म्हणून नकाशा वाचायला सैनिक लाल काच लावलेला टॉर्च वापरत आले. सांज गडद होताना तांबडी फुलं आधी काळी पडतात आणि हिरवा पाला त्या मानाने उजळ राहतो, तेही याचमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने हे नोंदवलं आणि आज ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

उरली बाहुली. तरुणपणी काळोखात ती ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीच्या आसपास ती बहुतेकांची ५ मिलिमीटरला अडते. माणसागणिक फरक असतो, पण कल उतरताच. दुर्बीण निवडताना हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि कुठल्याही माहितीपत्रकात तो छापलेला नसतो, कारण तो दुर्बिणीचा नाही, तुमचा आहे.

दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाची रुंदी तिच्या पटीने भागली की मागच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. इंग्रजीतला 'एक्झिट प्युपिल' तो हाच. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली तर मागच्या काचेत छोटं चकचकीत वर्तुळ दिसतं, तेच ते. ८×५६ मध्ये तो झोत ७ मिलिमीटरचा, जहाजांवरच्या ७×५० मध्येही जवळपास तेवढाच. ३-९×४० नऊपटीवर फिरवली तर ४.४. झोत बाहुलीपेक्षा बारीक असेल तर चित्र अंधारतं. झोत जाड असेल तर अरुंद तोंडाच्या बाटलीवर रुंद नळ सोडल्यासारखं होतं, जास्तीचं सगळं बाहेर सांडतं.

याचा हिशेब मोठा मजेदार आहे. ज्याची बाहुली ५ मिलिमीटरच उघडते त्याने ८×५६ डोळ्याला लावली तर त्याच्यापुरतं पुढचं भिंग ५ गुणिले ८, म्हणजे ४० मिलिमीटरचंच उरतं. बाहेरच्या कड्यातून येणारा प्रकाश त्याच्या बुबुळावर आपटून वाया जातो, आणि त्या कड्याचे पैसे मात्र त्याने मोजलेले असतात. याच माणसाने पट बदलता येणारी ३-१२×५६ घेतली आणि सांजेला ती अकरावर ठेवली, तर झोत ५ मिलिमीटरचा होतो, प्रकाश सगळा वापरला जातो आणि जनावर अकरापट मोठं दिसतं. जाड झोताचा एक फायदा आहे खरा. डोळा थोडा इकडेतिकडे हलला तरी चित्र जात नाही, आणि थंडीत जाड कपड्यांनिशी मचाणावर आखडून बसलेल्याला ते सोयीचं पडतं. पण उजेड वाढला असं त्याने समजू नये.

उजेड वाढतो हाच मुळात सगळ्यात चिवट गैरसमज आहे. भिंगांची कुठलीही दुर्बीण, कितीही महाग असो, पसरलेल्या वस्तूची तेजस्विता नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून वाढवू शकत नाही. प्रकाश जास्त गोळा होतो हे खरं, पण वस्तूही तेवढीच मोठी होऊन तोच प्रकाश दृष्टिपटलावर जास्त जागेत पसरतो, आणि काचांत थोडा हरवतोही. तरीसुद्धा सांजेला दुर्बिणीतून जास्त दिसतं, हा अनुभव खोटा नाही. त्याचं कारण आकारात आहे. अंधुक उजेडात शेजारशेजारच्या शेकडो दंडपेशी आपापले संदेश एकत्र करून पुढे पाठवतात. तेवढ्याच उजेडाची, पण आठपट मोठी प्रतिमा कितीतरी जास्त पेशींवर पडते आणि मेंदूला तिच्यातून कान, पाय, शेपूट वेगळं काढता येतं. म्हणून झोत बाहुलीएवढा राखून पट जितकी वाढवता येईल तितकी वाढवावी. मोठ्या भिंगाचा खरा उपयोग एवढाच की ते ही मुभा देतं.

माहितीपत्रकांत एक 'ट्वायलाइट फॅक्टर' नावाचा आकडा असतो. पट आणि भिंगाची रुंदी यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं. ८×५६ चा येतो २१.२. १०×५० चा २२.४. आता २०×२५ अशी एखादी खिशातली दुर्बीण घेतली तर तिचाही येतो २२.४! तिच्यातून बाहेर पडणारा झोत जेमतेम सव्वा मिलिमीटरचा असतो आणि दिवेलागणीला तिच्यातून काळं वर्तुळ सोडून काही दिसत नाही. झोताची जाडी सारखी असलेल्या दोन दुर्बिणींत तुलना करायला हा आकडा चालतो, एरवी तो विकणाऱ्याच्या कामाचा.

ताडोबाच्या दारात पहाटे जिप्सीत बसून वाट बघणाऱ्यालाही हाच भागाकार करता येईल. ८×४२ चा झोत सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ चा ४.२, आणि भेट म्हणून मिळणाऱ्या ८×२१ चा २.६. पहिल्या अर्ध्या तासात झाडाखालचा बिबट्या कोणाला दिसणार हे फाटक उघडायच्या आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे दुर्बिणीचा प्रश्न बहुतेकांना या जागीच पडतो, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे आणि पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरालाही अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. रायफलीवरची दुर्बीण भारतात मुख्यतः सैन्य आणि पोलीस दलांची गोष्ट आहे.

काचेबद्दल थोडं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण दुर्बिणीत आठ भिंगं असली तर पृष्ठं सोळा, आणि बाहेर पडेपर्यंत जवळजवळ निम्मा प्रकाश गेलेला. मागे फिरलेला प्रकाश आतल्या आत भटकून चित्रावर धुरकट पडदा धरतो, ते आणखी वाईट. १९३५ मध्ये येना इथल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन मारण्याची पद्धत शोधली. जर्मन सैन्याने ती काही वर्षं गुपित ठेवली, यावरून तिची किंमत कळावी. आज अनेक थरांच्या लेपामुळे चांगल्या दुर्बिणीतून ९० टक्क्यांहून जास्त प्रकाश पार होतो. तिथून पुढे मात्र पैसे भराभर जातात आणि डोळ्याला मिळत काही नाही. ९० टक्के आणि ९४ टक्के यांतला फरक सांजेला ओळखून दाखवणारा डोळा विरळाच. महाग काचेत खरी विकत मिळते ती स्वच्छ, धुरकटपणा नसलेली प्रतिमा. सूर्य नुकताच मावळलेल्या दिशेला दुर्बीण रोखली की स्वस्त आणि महाग यांतला भेद क्षणात दिसतो. 'नळी ३० मिलिमीटरची आहे म्हणून उजेड जास्त' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. जाड नळीने नेम धरायची आतली फुली वर-खाली सरकवायला जास्त जागा मिळते, उजेडाशी तिचा संबंध नाही.

फुलीकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते सांजेला निम्मे नेम तिथेच हुकत असावेत. जनावर दिसतं, पण त्याच्या काळ्या अंगावर केसासारखी बारीक फुली दिसत नाही. जर्मन लोकांनी यावर जुना, धटिंगण उपाय काढला. तिथे क्रमांक ४ नावाची फुली प्रचलित आहे. तिचे डावे, उजवे आणि खालचे दांडे चांगले जाड, मधोमध तेवढा बारीक भाग. मधलं काही दिसेनासं झालं तरी तीन जाड दांड्यांच्या बेचक्यात जनावराचा खांदा बसवता येतो. फुली कुठल्या भिंगाच्या पातळीवर बसवली आहे यानेही फरक पडतो. युरोपीय पद्धतीत ती पुढच्या पातळीवर असायची, म्हणजे पट वाढवली की फुलीही जाड होत जायची. अमेरिकन पद्धतीत ती मागच्या पातळीवर, पट कितीही केली तरी तेवढीच. कागदावर भोकं पाडणाऱ्याला बारीक फुली हवी, डुकरासाठी बसलेल्याला जाड.

आता फुलीच्या मधोमध दिव्याचा लाल ठिपका देतात आणि बराचसा प्रश्न सुटला आहे. फक्त दुकानात सगळे तो ठिपका किती प्रखर होतो ते बघतात. बघायला हवं तो किती मंद होतो ते. चांदण्यात किंचित जास्त तेजाचा ठिपकासुद्धा भोवती प्रभा पसरवतो आणि पलीकडचं जनावर तिच्यात बुडतं. सगळ्यात खालच्या पायरीवर, अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो जेमतेम जाणवावा एवढाच हवा.

दुर्बीण नसलेल्या बंदुकीवर नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच एवढंच असतं. दिवेलागणीला आधी मागची खाच जाते, मग माशी. हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत शिकारीला येणाऱ्या साहेबांच्या जुन्या इंग्लिश रायफलींवर यासाठी हस्तिदंती माशी असायची. काहींवर तर एरवी आडवी पडलेली, चांदण्यापुरती उभी करायची मोठी पांढरी माशी वेगळी बसवलेली असे. थोडा तरी उजेड असेल तोवरच पांढरं पांढरं दिसतं. पूर्ण काळोखात दिसावी म्हणून पुढे रेडियमचा रंग आला, आणि घड्याळाच्या तबकड्यांवर तो रंगवणाऱ्या अमेरिकन कामगार मुलींचे त्याने जे हाल केले त्यानंतर तो हळूहळू हटला. त्याची जागा ट्रिटियमने घेतली. हा हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊबंद. त्याचा वायू काचेच्या चिमुकल्या नळीत कोंडतात, नळीला आतून चमकणाऱ्या द्रव्याचा लेप असतो. ट्रिटियमचे किरण काच भेदू शकत नाहीत, त्यामुळे नळी शाबूत आहे तोवर धोका नाही. ना बॅटरी, ना बटण. पण अर्धायुष्य १२.३ वर्षांचं, म्हणजे बारा वर्षांनी तेज निम्मं आणि पंचविशीला पाव. जुनी माशी विकत घेणाऱ्याने तिचं जन्मवर्ष विचारावं. प्रकाश गोळा करणाऱ्या रंगीत प्लास्टिक धाग्यांच्या माशा दिवसा झगमगतात आणि काळोखात साफ विझतात. त्या ट्रिटियमच्या शेजारी मांडून 'रात्रीसाठी' म्हणून विकल्या जातात.

या सगळ्या चमकणाऱ्या माशांची अडचण एकच. माशी दिसते, समोर काय आहे ते दिसत नाही. पिस्तुलावर, चार पावलांच्या अंतरावर, एखाद्या खोलीत त्यांचा उपयोग असेल. रानात नेम कुठे आहे हे कळून काय करायचं, जर तिथे गाय उभी आहे की डुक्कर हेच कळत नसेल? १९७५ पासून स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने आणलेल्या लाल ठिपक्याच्या बिनपटीच्या काचांनाही हीच मर्यादा लागू आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून चटकन नेम धरायला त्यांच्यासारखं साधन नाही, पण वस्तू मोठी होत नाही म्हणून सांजेला दुर्बिणीचा जो खरा फायदा, तोच तिथे मिळत नाही.

बॅटरीचा उजेड पाडणं हा सगळ्यात जुना उपाय. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली. मे १९२६ मध्ये गुलाबराईच्या आंब्यावर बसून जिम कॉर्बेट यांनी त्याला मारलं तेव्हा रायफलीला टॉर्च लावलेला होता. झाडाखाली बकरी बांधलेली होती. तिच्या गळ्यातल्या घंटेने कॉर्बेट यांना इशारा दिला, टॉर्चच्या उजेडात बिबट्याचा खांदा दिसला, एक गोळी सुटली आणि त्याच क्षणी तो टॉर्च विझला. त्या रात्री कानाने जेवढं काम केलं तेवढं भिंगाने केलं नाही. बंदुकीला जोडलेल्या टॉर्चबद्दल आज प्रशिक्षक जे बजावतात तेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे: समोर कोण आहे हे बघायला टॉर्च रोखला की बंदूकही त्याच्यावर रोखली जाते. ओळख पटवायचा उजेड हातात वेगळा हवा. रायफलीच्या दुर्बिणीलाही तोच न्याय. तिच्यातून इकडेतिकडे न्याहाळणं म्हणजे प्रत्येक अनोळखी सावलीवर नळी फिरवणं. जर्मन शिकाऱ्याच्या गळ्यात दोन डोळ्यांची जाड दुर्बीण वेगळी असते ती याचसाठी, आणि दोन्हींपैकी एकीवरच पैसे घालायचे असतील तर मी तिच्यावर घालीन.

ताऱ्यांच्या उजेडात भिंगं संपतात आणि विजेचं राज्य सुरू होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांनी आपल्या रायफलीवर 'व्हॅम्पायर' नावाचं यंत्र बसवलं आणि अमेरिकनांनी ओकिनावाच्या लढाईत तसंच कार्बाइनवर वापरलं. दोन्हींत अदृश्य अवरक्त किरणांचा दिवा पुढे आणि जड बॅटरी पाठीवर. शत्रूकडे तसलंच यंत्र आलं की हा अदृश्य दिवा त्याला लख्ख दिसायचा, तो भाग वेगळा. व्हिएतनाममध्ये आलेली 'स्टारलाइट' दुर्बीण दिवा न लावता ताऱ्यांच्याच उजेडावर चालायची. तिच्या वंशातल्या आजच्या नळीत प्रकाश एका पडद्यावर पडतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. लाखो सूक्ष्म छिद्रांच्या काचेच्या चकतीतून जाताना एकाचे हजारो होतात आणि शेवटी हिरव्या पडद्यावर आपटून चित्र उमटवतात. या नळ्या बनवणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. भारतात भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुण्यातल्या कारखान्यात त्या तयार होतात आणि सैन्याच्या रात्रदुर्बिणींचं संशोधन डेहराडूनच्या संरक्षण प्रयोगशाळेत चालतं.

उष्णतेवर चालणाऱ्या थर्मल दुर्बिणीला उजेड लागतच नाही. ती ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लहरी टिपते, ज्या प्रत्येक कोमट वस्तूतून निघत असतात. साधी काच या लहरींना भिंतीसारखी, म्हणून तिची भिंगं जर्मेनियमची असतात आणि म्हणूनच ती महाग. खिडकीच्या काचेतून थर्मल दुर्बिणीला पलीकडचं काही दिसत नाही, हे पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला खोटं वाटतं. झुडपाआडचं जनावर शोधायला तिच्या तोडीचं काही नाही. पण तिला दिसतो तो उबदार आकार. त्याचे पट्टे, कपड्यांचा रंग, माणसाचा चेहरा हे दिसत नाही. उन्हाळ्यात दिवसभर तापलेले खडक रात्रीपर्यंत उष्णता टाकत राहतात आणि त्यांच्यात जनावर हरवतं. पहाटे आणि सांजेला, आजूबाजूचं आणि अंगाचं तापमान जवळ आलं की चित्र सपाट होतं. म्हणजे ज्या वेळेसाठी ८×५६ जन्मली, नेमकी तीच वेळ या महागड्या यंत्राला अवघड जाऊ शकते.

जर्मनीने २०२० च्या सुरुवातीला शस्त्रकायदा बदलून परवानाधारक शिकाऱ्यांना दुर्बिणीला जोडायची रात्रदर्शी उपकरणं बाळगायची मुभा दिली. पोलंडकडून डुकरांमधला आफ्रिकन स्वाइन फीव्हर सीमेपर्यंत आला होता आणि त्याच सप्टेंबरात ब्रांडेनबुर्गमध्ये मेलेल्या रानडुकरात तो सापडलाही. डुकरं कमी करायची तर चांदण्याची वाट बघून भागणार नव्हतं. वापराचे नियम तरीही राज्याराज्यांत वेगळे राहिले. तेव्हापासून तिथल्या दुकानांत ८×५६ जुन्या पिढीची वस्तू ठरू लागली आहे, पण मचाणावरचे म्हातारे ती सोडायला तयार नाहीत आणि त्यात निव्वळ हट्ट आहे असं मला वाटत नाही. हरणावर दीड तासानंतर गोळी चालवता येत नाही ते नाहीच, आणि त्या दीड तासापुरती तिला बॅटरी लागत नाही.

दोन दुर्बिणींत खरंच फरक आहे का हे ठरवायचा एकच भरवशाचा मार्ग आहे. दोन्ही एकाच पटीवर ठेवायच्या, शंभरेक पावलांवर एखाद्या झाडाची साल किंवा मोठ्या अक्षरांचा कागद निवडायचा, आणि सूर्य मावळल्यावर आलटून पालटून बघत राहायचं. अक्षरं एकीतून आधी जातात, दुसरीतून नंतर. मधे किती मिनिटं गेली ते घड्याळात बघायचं आणि किमतीतल्या फरकाला त्या मिनिटांनी भागायचं. आपल्या अक्षांशावर भागायला फार मिनिटं मिळत नाहीत. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली समोरच्या पाटीवर दुर्बीण रोखून मान डोलावण्यात यातलं काहीच कळत नाही. तिथे बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते आणि स्वस्तातली दुर्बीणही तेवढा झोत सहज देते. म्हणून खरेदीला संध्याकाळी जावं, आणि दुकानदार शटर ओढायला लागला तर त्याला आणखी पंचवीस मिनिटं थांबायला सांगावं.